ताईच्या हळदीला आलेली खडी

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर, दीपालीताईवर. तिच्या हळदीच्या दिवशी, सकाळी सव्वासात वाजता, अंबरनाथच्या मोरिवलीतल्या आमच्या राहत्या घरासमोर. चहाचा कप हातात घेऊन ती दारात आली आणि समोर तिला डोंगर दिसला. (आमच्याकडून मलंगगड दिसतो, पण तो लांब आहे. हा ओट्याला टेकला होता!)

अन्याय कुणी केला, तेही सांगते. मी नावं घेऊन पत्रकं काढणारी मुलगी आहे, घाबरत नाही. केला आमच्या सबंध खानदानाने. हाक दिली होती मी.

झालं असं, की त्याच आठवड्यात अंगणाखालची पाण्याची लाइन फुटली. ती दुरुस्त झाली, पण अंगणाचा पार चिखल करून. आता आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. लग्नाला पाहुणे येतात, हळदीला गाव येतो. शिवाय ताईने पहिल्या दिवसापासून एकच हट्ट धरलेला : हळद हॉलमध्ये नको, आपल्या अंगणात. मांडववाला जागा बघायला आला, त्याने एक पाय पुढे टाकला आणि चप्पल तिथेच सोडून मागे घेतला.

"खाली खडी टाका, वर मी कार्पेट अंथरतो," तो म्हणाला. "नायतर नवरीला होडीत बसवा."

खडी लागणार होती छोटा टेम्पोभर. शहाण्या माणसाने एक फोन केला असता. आमच्या भागात दर दुसऱ्या घरात बिल्डिंग मटेरियलचा सप्लायर असतो आणि उरलेल्या घरांत त्याचे नातेवाईक असतात. पण मी फोन करत नाही, मी आवाहन करते! कॉलेजपासूनची सवय. बंद पडलेले दिवे, तुंबलेली गटारं, कंपन्यांचा वास, सगळ्यांवर माझी पत्रकं निघालेली आहेत. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं :

"जाहीर आवाहन! समस्त कुटुंबीयांनो, आपल्या लेकीचा मांडव आज चिखलात उभा राहतो आहे. याला जबाबदार कोण? आता गप्प बसून चालणार नाही! ज्याची जिथे ओळख असेल, त्याने तिथून तातडीने खडी मिळवावी. लेकीच्या हळदीसाठी एक व्हा!"

उत्तरादाखल अंगठे आले. मामाचा अंगठा, काकांचा अंगठा, होणाऱ्या भावजींचा अंगठा आणि वर नमस्कार. (भावजींना साखरपुड्यानंतर ग्रुपमध्ये घेतलं होतं. बिचारे अजून सगळं वाचायचे.)

आता अंगठ्यांचा मला दांडगा अनुभव. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी मोर्चा काढला तेव्हा अंगठ्यांचा पाऊस पडला होता आणि चौकात माणसं आली दोन. त्यातली एक मी. तेव्हा हेही अंगठे तसलेच, समाज झोपलेला आहे, असा निष्कर्ष काढून मी शेअर रिक्षाने उल्हासनगर गाठलं. कॅम्प तीनमधल्या एका शेठने माझ्यासमोर दगडांचे नमुने स्टीलच्या वाट्यांत मांडले, जसा काही सुकामेवाच.

"शादी के घर में काली खडी डालोगे, बेटा? ये सफेद पेबल डालो. एकदम इम्पोर्टेड!"

"कुठून इम्पोर्ट होतात?"

"वो मत पूछो. दिखने में इम्पोर्टेड है."

मी हो म्हणाले. चिखलावर पांढरे गोटे, त्यावर पिवळी ताई. फोटो काय आला असता!

तर हळदीच्या सकाळी पहिला डंपर आला तो मामाचा. ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"ताई, तुम्हीच ना? ताडपत्री नाय म्हणून माझी गाडी अडवलेली?"

"मीच."

"आज लावलीय. ही बघा. काढा फोटो."

तत्त्वाचा प्रश्न होता, मी फोटो काढायला मागे सरकले. तेवढ्यात त्याने ताडपत्री ओढून हौदा उचलला. "अरे, जरा बाजूला..." आई ओरडेपर्यंत छोट्या टेम्पोच्या चौपट खडी अंगणाच्या मधोमध!

धुरळा खाली बसतो न बसतो तोच दुसरा डंपर. त्यात ड्रायव्हरशेजारी काका स्वतः, विजयी उमेदवारासारखे हात हलवत. "गप्प बसून चालणार नाय बोललीस ना, बाय? नाय बसलो!" आणि दुसरा डोंगर.

तिसऱ्या डंपरच्या बॉनेटला झेंडूचा हार होता. तेवढ्यावरून आम्ही ओळखलं. तो भावजींकडचा! ड्रायव्हरने आधी नारळ फोडला, मग खडी ओतली. आत्याने लगेच निकाल दिला, "जावयाकडची हाय. परत पाठवायची नाय." आणि या सगळ्यावर शेवटी माझा कॅम्प तीनचा टेम्पो. त्याला आत यायला जागाच नव्हती. हमालांनी ते पांढरे गोटे घमेल्याने भिरकावले आणि आमच्या काळ्या पर्वतरांगेवर बर्फ पडला.

"दोन तरी ढीग परत पाठवू या," मी म्हणाले.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, शांतपणे म्हणाले, "कुणाचे पाठवू? नावं सांग."

नावं घेऊन पत्रकं काढणारी मी ड्रायव्हरांना चहा विचारायला गेले!

तेवढ्यात मूळ प्रश्न निघाला. ताईचा पाट कुणाच्या खडीवर मांडायचा?

"भाचीचा पाट मामाच्याच खडीवर," मामा म्हणाला. "हा मान हाय मामाचा."

"अंगण माझ्या भावाचं," काका म्हणाले. "तू तुझ्या अंगणात मान घे."

"असं बोलतोस काय? मग मी बसलोच इथं!"

मामा आपल्या ढिगावर पाठ फिरवून बसला. ते बघून काका आपल्या ढिगावर बसले. (लोकांनी ठिय्या द्यावा म्हणून मी घसा फोडून घेतला आहे. हे दोघे न बोलावता बसले आणि उन्हातही हलेनात!) मधूनच भावजींचा फोन, "खडी पोचली ना? आमची कुठली आहे, दाखवा ना." मी समेटासाठी पुढे झाले. "मुद्दा असा आहे, की..."

"तू आता एक अक्षर लिहिलंस ना," आई म्हणाली, "तर तुझा मोबाइल याच खडीत पुरीन!"

"मी बोलतेय, लिहीत नाहीये."

"ते त्याहून वाईट."

मांडववाला बांबू खांद्यावर घेऊन तासभर उभा होता. "रोवू कुठं?" त्याने विचारलं. "शिखरावर!" शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी सुचवलं. दुपार टळली तरी एक बांबू उभा राहिला नव्हता. तेव्हा अप्पांनी हरल्यासारखा फोन काढला आणि बदलापूरच्या एका हॉलवाल्याचा नंबर लावला.

ताईने तो फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. मग साडी खोचली, पाट उचलला आणि खडीवर चढायला लागली. एक पाऊल वर, अर्धं खाली. तिन्ही ढीग जिथे एकमेकांत घुसले होते तिथे तिने पाट आपटला आणि त्यावर बसली.

"माझी हळद इथे होणार. मांडव नसला तरी होणार. ज्याला मान पाहिजे त्याने वर यायचं."

मामा आणि काकांना पर्याय उरला नाही. मानासाठी दोघे एकदमच चढले आणि एकदमच घसरले.

संध्याकाळी हळद सुरू झाली. मांडवाची ताडपत्री वरून दोरीने ताणली होती, ती शेजाऱ्यांच्या गच्चीला बांधून. लग्नगीतं म्हणायला येणाऱ्या म्हाताऱ्या धवलारीणबाईंना खुर्चीसकट वर नेलं. त्यांनी खाली बघितलं. "बरं केलंव," त्या म्हणाल्या, "येवढ्या उंचावरून देवाना हाक माराला वरडाला नको." बायका हातात हळदीच्या वाट्या घेऊन ओळीने चढल्या. हळद ताईला कमी लागली, खडीला जास्त.

आणि मग डीजे लागला!

पहिल्या गाण्याला ताई पाटासकट वीतभर खाली आली. दुसऱ्याला हातभर. मामाने पाट एका बाजूने धरला, काकांनी दुसऱ्या बाजूने, आणि सबंध लग्नात पहिल्यांदाच दोघांनी एक काम मिळून केलं : दोघेही तिच्याबरोबर खाली आले. गाव नाचत होता आणि डोंगर बसत होता. पोरं, बाया, मांडववाला, ताडपत्रीवाला ड्रायव्हरसुद्धा! (तो जेवायला थांबला होता.) जेवणाची पानं वाढायला घेतली तेव्हा ताई पाटासकट फाटकापाशी पोचली होती, नखशिखांत पिवळी आणि वरून राखाडी, आणि हसून हसून तिचं पोट दुखत होतं. अंगण मात्र असं सपाट झालं होतं, की रोलरनेही झालं नसतं. मामाची कुठली, काकांची कुठली आणि जावयाची कुठली, ते आता कुणालाच सांगता येईना. फक्त माझे पांढरे गोटे ओळखू येत होते. ते आठवडाभर पाहुण्यांच्या चपलांतून निघत राहिले.

ताई सासरी गेली. खडी गेली नाही. आमचं अंगण आता घरापेक्षा उंच आहे, दारातून आत जायचं म्हणजे पायरी उतरावी लागते. फाटक उघडतं ते एका बारीक माणसापुरतं. अप्पा बारीक नाहीत, ते शेजारच्यांच्या मोरीवरून येतात. माझ्या सबंध चळवळीच्या आयुष्यात शंभर टक्के यशस्वी झालेलं आवाहन हे एवढंच, आणि ते आम्हाला हलवता येत नाही!

म्हणून वाचकहो, तुमच्याकडे एकच मागणी आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, तुमच्या दारात जिथे खड्डा असेल (नाही म्हणू नका, मी त्यावर पत्रक काढलेलं आहे), त्यासाठी आमच्याकडची खडी घेऊन जा. घमेलं तुमचं, चहा आमचा. पण हात जोडून सांगते, हे पुढे कुणाला पाठवू नका, मित्रांना सांगू नका, एक होऊ नका! फक्त एकाने यावं. कोण ते आपसात ठरवा आणि आधी फोन करा!