बंद इंटरकॉमवरचा आवाज

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींचा मला मनापासून तिटकारा आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर. वायर जोडली नसेल तर सिग्नल येत नाही, एवढंच मला कळतं. तरी लिहितोय, कारण गेले दोन महिने मला खोटं पाडलं जातंय... आणि तेही माझ्याच घरात.

आमचा फ्लॅट आखातात, अजमानला, सातव्या मजल्यावर. मी नोकरीला तिथून चारेकशे किलोमीटरवर रुवैसला, शनिवार-रविवार घरी. उन्हाळ्यात बाल्कनीच्या ड्रेनमधून झुरळं वर येतात, म्हणून अर्धी बिल्डिंग त्या जाळीवर टेप मारते. मीही मारला होता. पाऊस वर्षातून दोन-चार दिवस. टेप काढायचं लक्षात कोण ठेवतो?

जानेवारीत एका मंगळवारी दुपारी अजमानला धो धो पाऊस आणि चक्क गारा पडल्या. बायको, मंजिरी, स्वयंपाकघरात होती. सहा वर्षांची सई तापाने फणफणलेली, हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी गादीवर झोपली होती. तिला थंडी वाजत होती म्हणून उशाशी हीटर लावलेला, आणि त्याचा एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर. बाल्कनी तुंबून पाणी दाराखालून आत यायला लागलं होतं. मंजिरीला पत्ता नव्हता.

तेवढ्यात भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. हा इंटरकॉम आम्ही राहायला आलो तेव्हापासून बंद आहे! पाच वेळा कंप्लेंट केली. दर वेळी मेंटेनन्सचा सुपरवायझर म्हणतो, "कल हो जाएगा सर, इन्शाल्ला." मंजिरीने रिसीव्हर उचलला, तर पलीकडे मी.

"आधी मेन स्विच बंद कर. सईला उचल. मग ड्रेनवरचा टेप काढ."

तिने तसंच केलं. तोवर बोर्डाच्या कडेला पाणी लागलं होतं.

मी तेव्हा प्लांटमध्ये होतो. तिथे मोबाइल गेटवरच लॉकरमध्ये जमा करावा लागतो. अजमानला पाऊस झाला हे मला संध्याकाळी बाहेर आल्यावर कळलं.

शनिवारी मी स्वतः इंटरकॉम उघडला. मागे दोन वायरी नुसत्या लोंबत होत्या, कशालाच न जोडलेल्या. सुपरवायझरला बोलावून दाखवलं, तर तो म्हणतो, "मॅडमने रिंग सुनी ना सर? मतलब चालू है. खलास." आणि त्याने कंप्लेंट क्लोज केली! डोक्यात तिडीक गेली माझ्या.

मित्र म्हणतात, केला असशील कुठून तरी फोन, विसरला असशील. घरात त्याहून वाईट. मंजिरी म्हणते, "तुझा आवाज मला कळणार नाही का? उगाच कशाला नाही म्हणतोस?" त्या रिंगने जागी झालेली सईही तेच म्हणते, "आय हर्ड यू, बाबा."

तो आवाज कुणाचा होता, मला आजही माहीत नाही. पण खरा संताप होतो तो मंजिरी लोकांना कौतुकाने सांगते तेव्हा – "तिकडे असला तरी ह्याचं सगळं लक्ष घराकडे." ते ऐकवत नाही. त्या दिवशी सकाळपासून रुवैसलाही आभाळ भरून आलं होतं, आणि मला तो टेप एकदाही आठवला नव्हता.