पन्नासाव्या मिनिटाची बदली

हाफ टाइमला स्कोअर शून्य-शून्य होता. आमच्या संघाचे अध्यक्ष बसप्पा अण्णा खुर्ची उचलूनच माझ्याकडे आले.

"सर, त्यो नरसिंग नुसता उभा राहायलाय. कामून ठेवलाव त्याला?"

"अण्णा, त्याचं काम चाललंय."

"कसलं काम? पायाला चेंडू लागला न्हाई त्याच्या. तुम्ही उतरा."

बीदरच्या मैदानावर फुटबॉलची सेमीफायनल चालू होती. समोर गुलबर्ग्याचा संघ. आमचा औरादचा संघ इथवर पहिल्यांदाच आला होता. मी शाळेत पीटी टीचर. अकरा वर्षं याच संघात हाफ खेळलो. हाफ म्हणजे मधल्या फळीतला. मागून आलेला चेंडू पुढे पोचवायचा आणि पुढून आलेला हल्ला अडवायचा. त्या वर्षी माझा दम कमी पडायला लागला, म्हणून अण्णांनी मला मॅनेजर केलं. पण बदली खेळाडूंच्या यादीत मी माझं नाव ठेवलं होतं. असू द्यावं म्हणून.

माझ्या जागेवर मी ठाणाकुशनूरच्या नरसिंगला घेतलं. शेती करणारा, चोविशीतला, कमी बोलणारा. त्याला एकच काम दिलं होतं: गुलबर्ग्याच्या दहा नंबरला मार्क करायचं. मार्क करणं म्हणजे त्या माणसाला सोडायचं नाही, त्याच्याकडे येणारा पास आधीच बंद करायचा. हे नीट जमलं की दोघांनाही चेंडू मिळत नाही. बघणाऱ्याला वाटतं, दोघंही रिकामे फिरतायत.

हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्या हाफला प्रेक्षकांतून माझ्या नावाचा ओरडा सुरू झाला तसा मी ट्रॅकसूट उतरवला. अण्णांनी सांगितलं म्हणून उतरलो, असं पुढं बरेच दिवस म्हणत होतो. खरं म्हणजे मला खेळायचं होतं.

पन्नासाव्या मिनिटाला नरसिंग बाहेर आला.

"सर, माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग काढायलाव कामून?"

मी मैदानात गेलो. विभागाच्या संघाची निवड करणारे साहेब समोर मांडवात वही घेऊन बसले होते. विभागाकडून खेळलेल्याला नोकरीत थोडा आधार मिळायचा. नरसिंगच्या घरी सगळे त्याच आशेवर होते. हेही मला माहीत होतं.

पहिली दहा मिनिटं मी झकास खेळलो. दोन चांगले पास दिले, टाळ्या पडल्या. तिसऱ्या पासासाठी पुढे गेलो आणि मागे मोकळी जागा राहिली. दहा नंबरला दुपारभरात पहिल्यांदा मोकळा चेंडू मिळाला. त्यानं गोल केला. मला परत पळत येता आलं नाही. शेवटी आम्ही दोन-शून्य हरलो. दुसरा गोलही त्याचाच.

नरसिंग रागावला नाही. बूट सोडता सोडता एवढंच म्हणाला, "दहा नंबरला कोन धरायचं, हे ठरवून तरी उतरायचं की, सर."

मी तसाच घामेजल्या अंगानं साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, आमच्या सहा नंबरला, नरसिंगला, मी चुकून काढलं. त्याचा विचार करा."

त्यांनी वही उलटून पाहिली. "त्याच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही. मला काही दिसलंच नाही त्याच्यात."

"न दिसणं हाच त्याचा खेळ आहे."

"मॅनेजर असंच बोलणार."

ते बरोबर होतं. माझ्या शब्दाला आता वजन नव्हतं. मग मी गुलबर्ग्याच्या तंबूत गेलो. दहा नंबरचं नाव सलीम. गेल्या वर्षी तो विभागाकडून खेळलेला, त्यामुळे साहेब त्याला ओळखत होते. त्याला म्हटलं, "दोन मिनिटं चल. खरं असेल तेवढंच सांग."

सलीम आला. साहेबांनी विचारलं, "आज तुला त्रास कोणी दिला?"

"पयले हाफ में जो मेरे पीछे था ना साब, वो. सांस नै लेने दिया. वो भायेर गया तो अच्छा लगा मेरेकू."

साहेब हसले. "आणि दुसऱ्या हाफला?"

सलीमनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "दुसरे में आराम था, साब."

साहेबांनी वहीत नाव लिहिलं, वडिलांचं नाव आणि गाव मला विचारून घेतलं. नरसिंग पुढे विभागाकडून तीन वर्षं खेळला आणि खेळाडू म्हणून एका सरकारी खात्यात नोकरीला लागला. मी मात्र त्या संध्याकाळी बसमध्ये बसायच्या आधीच अण्णांना सांगून टाकलं, की बदली खेळाडूंच्या यादीत यापुढे माझं नाव नको.

नंतर बरीच वर्षं मी मॅनेजर होतो. मॅच संपली की समोरच्या संघाला विचारायचो, आमच्यातला कोण नकोसा झाला? ज्याचं नाव ते घेतील, त्याला मी पुढच्या मॅचला कधी बाहेर बसवलं नाही, अध्यक्ष काहीही म्हणोत.