चांदीला नवा गेम घेत नाही

अजिनाथ चौतीस वर्षांचा आहे आणि आठवीपासून एकच व्हिडिओ गेम खेळतो आहे. त्यात अजब प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि गेमचा नवा भाग आला की त्यात घेऊन जायचे. पहिल्या प्राण्याचं नाव त्याने वडिलांच्या कळपातल्या मेंढीवरून चांदी ठेवलं होतं. ती प्रत्येक भागात त्याच्यासोबत आली. परवा मात्र नव्या भागाने तिला घेतलंच नाही. हा प्राणी इथे चालत नाही, एवढंच पडद्यावर आलं.

दोन दिवस तो घरात सगळ्यांवर खेकसत होता. पिशोर गावाहून गारखेड्याला त्याच्या घरी आलेले वडील, बिरू, जेवताना म्हणाले, "एवढा हौसेनं गेम आणला, अन् तोंड पाडून का बसला?"

"चांदीला घेत नाय तो."

"मग तू कशाला जातो तिथं? जिथं मेंढरं येऊ देत नव्हते, त्या रानात आम्ही पाय ठेवला नाय."

"लई सांगू नका, आबा. खरी चांदी तुम्हीच बाजारात विकली."

"व्हय, विकली," बिरू म्हणाले. "म्हणूनच सांगतो."

अजिनाथने नवा गेम बंद केला आणि चांदी अजून ज्यात होती ते गेमचं जुनं यंत्र चार्जिंगला लावलं. चार्जरची पिन ढिली होती. ती अंगठ्याने दाबून धरत, वैतागत तो तसाच खेळायला बसला.