घराला श्वास घेऊ द्या की!

किस्से कसे साठतात म्हणाल, तर साइटवरच्या राडारोड्यासारखे. काम संपलं की मिस्त्री जातो, मालक राहायला येतो, पण तो ढीग तसाच! राजारामपुरीतलं माझं ऑफिस बंद केलं, तेव्हा नकाशांच्या गुंडाळ्या रद्दीवाल्यानं नेल्या, ड्रॉइंग बोर्ड भाचीनं नेला. किस्से कुणी नेले नाहीत. ते माझ्याबरोबर घरी आले. आणि खरं सांगते, हसत हसत सांगायला बसले तरी अजून डोकं तापतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी आर्किटेक्ट म्हणून काम सुरू केलं. माझं म्हणणं साधं होतं. जवळची माती, जवळचा दगड, चुना, कौलं वापरा. खिडक्या समोरासमोर ठेवा. आत राहणाऱ्याला धड श्वास घेता येऊ दे. जोडीला होते कांबळे मिस्त्री. चुन्याच्या कामात त्यांचा हात धरणारा माणूस मी बघितला नाही. एवढ्याशा म्हणण्यासाठी आम्ही दोघं पंधरा वर्षं भांडत होतो. भांडकुदळ बाई म्हणून माझं नावही झालं. झालं तर झालं!

* * *

उचगावच्या बापूंचं घर आम्ही त्यांच्याच रानातल्या मातीच्या विटांचं बांधलं. माती चाळायची, त्यात थोडं सिमेंट घालायचं, हातमशीनमध्ये दाबायची आणि सावलीत वाळवायची. भट्टी नाही, धूर नाही. ऐन मे महिन्यात बापू दुपारी पंखा बंद करून झोपायचे!

मग त्यांच्या पोराचं लग्न जमवायला मुलीकडचे पावणे घर बघायला आले. चहा पिता पिता एकानं भिंतीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मातीचं हाय व्हय घर?"

बस्स. आठ दिवसांत बापूंनी आत-बाहेर सगळीकडं सिमेंटचा गिलावा मारून घेतला. कांबळे मिस्त्रींना वाटेत कळलं. आम्ही लुनावरून तडक उचगावला. बघतो तर गिलाव्यावर ऑइलपेंटचा लाल हात मारलेला, आणि एक माणूस पट्टी धरून त्यावर पांढऱ्या रेघा ओढतोय. विटांच्या!

"बघा की मॅडम," बापू खुशीत म्हणाले, "आता कसं विटंचं घर वाटतंय!"

"बापू, आत विटाच हायत की," कांबळे मिस्त्री कळवळून म्हणाले.

"त्या खऱ्या हायत हो. खऱ्या कोण बघतंय?"

* * *

आमच्याच गल्लीत एक छातीचे डॉक्टर होते. दवाखाना नव्यानं सजवायला घेतला. मी वेटिंग रूमला समोरासमोर चार खिडक्या दाखवल्या. दिवसभर इथं माणसं खोकणार, हवा खेळती पाहिजे, हे मी एका छातीच्या डॉक्टरला समजावत होते!

डॉक्टर म्हणाले, "पेशंटला आपण मोठ्या ठिकाणी आलोय असं वाटलं पाहिजे. एसी बसवा, खिडक्या बंद करा, खाली कार्पेट."

मी काम सोडलं. दुसऱ्या कुणीतरी केलं. खिडक्यांवर प्लायवूड ठोकलं, त्यावर धबधब्याचं मोठं पोस्टर!

वर्षभरात त्यांची रिसेप्शनिस्ट सुनंदा खोकायला लागली. डॉक्टर औषध देत होते, ती घेत होती. एक दिवस भरल्या वेटिंग रूममध्ये डॉक्टरांनी नवी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं ती वाचली, घडी घातली आणि परत त्यांच्याच खिशात ठेवली.

"डॉक्टर, ही तिसरी चिठ्ठी. आता औषध नको. ह्या धबधब्यामागची खिडकी तेवढी लिहून द्या!"

* * *

हा मात्र हसायचा नाही.

एका बिल्डरच्या नव्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहायला आलं. बाळ दोन महिन्यांचं. रंग ताजा, कपाटाचं प्लाय ताजं. बाईचे डोळे चुरचुरायचे आणि बाळ रात्रंदिवस रडायचं. ती माझ्या ओळखीची, म्हणून मी बिल्डरकडं गेले. म्हटलं, "महिनाभर खिडक्या उघड्या ठेवून मग ताबा द्यायचा की! वास नुसता नाकात जात नाही, छातीत जातो."

बिल्डरनं शेजारच्या फ्लॅटमधून रंगाऱ्याला हाक मारली. "हमीदभाई, इथं वास येतोय काय?"

हमीदभाईंनी मोठा श्वास घेतला. "न्हाय साहेब. कायबी न्हाय."

"बघा!" बिल्डर म्हणाला, "ह्या माणसाची हयात रंगाच्या डब्यात गेली. त्याला येत नाही, तुम्हालाच बरा येतो!"

मी तणतणत जिना उतरले. मागून हमीदभाई आले.

"मॅडम, मला कसलाच वास येत न्हाय. लई वर्षं झाली. ईदला घरात बिर्याणी शिजती, ती पोरं सांगत्यात तवा कळतं मला."

"अहो, मग हे वर सांगायचं होतं की!"

"साहेबांनी वास येतोय काय एवढंच इचारलं," हमीदभाई म्हणाले. "का येत न्हाय, ते कुठं इचारलं?"

* * *

एक किस्सा माझ्या अंगावरचाही सांगते, नाहीतर म्हणाल बाई फक्त दुसऱ्यांनाच झोडपते.

एका शेतावरच्या घरात मी धुराड्याची चूल बसवली. मोठ्या ऐटीत! गृहप्रवेशाला चूल पेटवली आणि पाच मिनिटांत सगळे पावणे खोकत अंगणात. स्वयंपाकघर नेमकं वाऱ्याच्या तोंडावर काढलं होतं मी. धूर धुराड्यातनं वर जायच्या ऐवजी माजघरात!

घरची कारभारीण डोळे पुसत माझ्याकडं आली. "बाई, तुमच्यात सैपाक कोण करतंय?"

"बाई येते एक."

"तरीच!" म्हणाली आणि परत आत गेली.

मी स्वतःच्या खर्चानं चूल हलवून दिली. तेव्हापासून नकाशा काढायच्या आधी मी घरातल्या बायकांना विचारायचे, वारं कुठनं येतं.

* * *

मी आणि कांबळे मिस्त्री एका शिक्षण संस्थेच्या चेअरमनकडं गेलो होतो. शाळेच्या नव्या वर्गांवर त्यांना सिमेंटचा पत्रा घालायचा होता. मी म्हटलं, कौलं घाला. हा पत्रा कापताना जी भुकटी उडते ती फुप्फुसात बसते, आणि एप्रिलमध्ये खाली पोरं भाजून निघतात.

"कौलं परवडत न्हाईत हो," चेअरमन म्हणाले. "माकडं फोडत्यात. पत्राच बरा."

चहा झाल्यावर ते आम्हाला कौतुकानं नवा गोठा दाखवायला घेऊन गेले. कांबळे मिस्त्री दारातच थांबले आणि वर बघत राहिले. मीही बघितलं. मंगळुरी कौलं! दुहेरी! वारा जायला मधे झरोका, आणि खाली बारा म्हशी निवांत रवंथ करत बसलेल्या.

"चेअरमन, इथं कौलं?" मी विचारलं.

"मग! जनावराला ऊन सोसत न्हाय. पत्र्याखाली दूध आटतं की!"

"आणि पोरांना सोसतं?"

चेअरमननी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच खुळी.

"मॅडम, पोरं काय दूध देत्यात काय?"

* * *

दोन हजार सालानंतर 'ग्रीन' शब्द आला आणि आमचे दिवस पालटतील असं वाटलं. एका कारखानदाराला गेस्ट हाउससाठी ग्रीन सर्टिफिकेट पाहिजे होतं. छताला मी आजऱ्याकडचा बांबू घेतला होता, आणि दत्तोबा बुरूड साइटवरच बसून तट्टे विणत होते. काय हात होता त्या माणसाचा!

बाहेरगावचा कन्सल्टंट आला, लॅपटॉप घेऊन. त्यानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "मॅम, या लोकल बांबूला सर्टिफिकेट नाही. आपण इम्पोर्टेड बांबू घेऊ. त्याला पॉइंट्स मिळतात."

"म्हणजे आजऱ्याचा सोडून बोटीतनं आणायचा? पर्यावरणासाठी?"

"करेक्ट!"

दत्तोबांनी कोयता खाली ठेवला. "मॅडम, काय म्हणत्यात सायेब?"

"तुमच्या बांबूला दाखला नाही म्हणतात."

दत्तोबा विचारात पडले. "कसला लागतोय?" म्हणाले. "जातीचा का उत्पन्नाचा?"

* * *

कळंब्याला तळ्याच्या बाजूला सुमनबाईंचं घर बांधलं. निवृत्त शिक्षिका, एकट्या, आणि जुना दमा. भिंतींना चुन्याचा गिलावा, वर कौलं, आणि निजायच्या खोलीला तळ्याकडं एक मोठी सागवानी खिडकी. राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"आज मी आडवी झोपले," म्हणाल्या. "किती वर्षांनी! तीनातल्या दोन उशा काढून टाकल्या."

मी फोन ठेवून ऑफिसात रडले. कांबळे मिस्त्री खाली गेले आणि पेढे घेऊन आले.

चार वर्षांनी शेजारच्या, तळ्याकडच्या प्लॉटवर एक बिल्डर आला. मधे अंतर सोडायचा नियम आहे, ह्यानं हातभरसुद्धा सोडलं नाही. मी अर्ज केले. हेलपाटे घातले, आवाज चढवला. बांधकाम परवान्याचे साहेब मला म्हणाले, "मॅडम, नियमापेक्षा माणुसकीनं घ्या." भिंत रोज चढत होती. सुमनबाई खिडकीत बसून ती बघत होत्या. एक दिवस खिडकीतनं तळं दिसायचं बंद झालं, मग आभाळ. रस्त्यावर बिल्डरचा फलक लागला: 'तळ्याच्या मोकळ्या वाऱ्यात आपलं हक्काचं घर!' सुमनबाईंच्या पलंगावर तीन उशा परत आल्या.

बिल्डिंगची वास्तुशांत झाली. मोठा मांडव, स्पीकर, प्रमुख पाहुणे. शेजारी म्हणून सुमनबाईंनाही पत्रिका होती. आदल्या दिवशी त्यांनी कांबळे मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं, कशासाठी ते मला कुणीच सांगितलं नाही. मी मांडवात पोचले तेव्हा आहेराची रांग लागलेली. घड्याळं, फोटो, शाली. रांगेत सुमनबाई, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, दर चार पावलांवर दम खायला थांबत. त्यांच्या मागं कांबळे मिस्त्री आणि त्यांचा भाऊ, दोघांच्या खांद्यावर ती सागवानी खिडकी. चौकटीसकट! पुसून लख्ख केलेली, वर हळदीकुंकू वाहिलेलं.

स्टेजवर दोघांनी ती बिल्डरच्या पायाशी उभी केली. लोकांना वाटलं, काहीतरी भारी भेट आहे. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुण्यांनीही वाजवल्या.

बिल्डर कसनुसं हसला. "बाई, हे काय?"

सुमनबाईंनी त्याच्या हातातला माइक घेतला. बोलायच्या आधी श्वास गोळा करायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तो आवाज सगळ्या मांडवानं स्पीकरवर ऐकला.

"वारा तुम्ही आधीच नेलात," त्या म्हणाल्या. "ही तेवढी राहिली होती."