झाकून ठेवलेली गाडी

माझ्या मायचे गुडघे ऐंशीच्या दशकातच कामातून गेले. पाय लांब करून बसलं तरच तिला बरं वाटे, आणि एसटीच्या बाकावर पाय लांब कोण करू देणार? चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर जायचं, पायऱ्यांखालून का होईना हात जोडायचे, एवढंच तिचं मागणं. म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीवर प्लायवूडची खोली करून घेतली. आत गादीचा लांब बाक, बाजूला खिडकी, वर पत्रा. सुताराच्या कृपेनं ती वैशाखात तयार झाली, म्हणजे चैत्र हुकलाच. नुसती चालवून बघायची म्हणून जवळच्या उनपदेवला, गरम पाण्याच्या झऱ्यावर, नेऊन आणली. येताना माय आडवी पडून, दिसेल त्याच्या केळीला नावं ठेवत होती. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली.

पुढचा चैत्र येईपर्यंत गाडी शेतात उभी राहणार होती. झाकायची की उघडी ठेवायची?

मी तेव्हा जळगावला कारकून. दर रविवारी चोपड्याजवळच्या गावी जायचो आणि तोच वाद ऐकायचो. आबा म्हणत, झाकली तर उंदीर होतील. काका म्हणत, नाही झाकली तर पाणी शिरेल. मी शिकलेला, म्हणून मला विचारत. मला काडीची अक्कल नव्हती, पण कारकुनाला मत नाही असं कसं चालेल? मी ऐटीत झाका म्हणालो आणि पुढच्या रविवारी जळगावहून नवीकोरी ताडपत्री घेऊन गेलो.

माय ओट्यावर पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "झाकू नका तिले. वारं लागू द्या."

कोणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

काकांची अर्धी हयात दिल्लीला जाणाऱ्या ट्रकांत केळी भरण्यात गेलेली. "बांधाले माले शिकाडू नका," म्हणत ते पुढे झाले. ताडपत्रीनं रंग खरवडू नये म्हणून त्यांनी छतावर, चारी अंगांना केळीची हिरवी पानं रचली. वरून ताडपत्री. मग अशी दोरी आवळली की आत मुंगी शिरणार नाही. आम्ही तिघंही त्या बांधणीकडे कौतुकानं बघत राहिलो.

यात्रेला आठ दिवस राहिले तेव्हा दोरी सोडली. आंबूस वास आला. पानांचा काळा चिखल झाला होता, प्लायवूड खारी बिस्किटासारखं पापुद्र्यांनी सुटून आलं होतं, बाकावर हात ठेवला तर बोटं आत गेली. मला इतका राग आला की ताडपत्री लाथेनं उडवली. काकांनी तो चिखल चिमटीत घेऊन पाहिला. जन्मभर त्यांनी चौथ्या दिवशी दिल्लीला उतरणारा माल बांधला होता. हा माल दहा महिने तिथंच राहणार आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि आमच्याही. सुतार येऊन म्हणाला, नवीनच करा.

माय काठी टेकत आली. आत डोकावली. "माले कोनी इचारं का?" एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

यात्रेला मी एकटाच एसटीनं गेलो. निघताना तिनं खण-नारळ माझ्या पिशवीत ठेवला. "देवीले सांगजो," ती म्हणाली, "गाडी सडनी म्हनीसन नही उनी."

गडावर रांगेत मी ते वाक्य घोकत होतो: गाडी सडली म्हणून ती आली नाही. माझा नंबर आला. मी नारळ ठेवला, हात जोडले आणि मनात म्हणालो, आई, मायचे गुडघे फार दुखतात, म्हणून ती आली नाही.