जपलेलं शटर

फोटोवाल्या ताईंच्या स्टुडिओत गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ताई आधी दम भरायच्या. "हनुवटी खाली. खांदे सरळ. डोळे मिटलेत तर याद राखा!" मग एकदाच खटका दाबायच्या. दुसरा मागितला की डोळे वटारायच्या. लोक पाठीमागे त्यांना 'चिक्कू ताई' म्हणत. म्हणोत बापडे! कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे आतला पडदा, दर फोटोला उघडतो-मिटतो आणि एक दिवस मान टाकतो, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर घर त्याच एका यंत्रावर चाललं होतं.

जिवापाड जपलं हो! पोटच्या पोरीलासुद्धा सूट नाही. ती नवा फ्रॉक घालून स्टुलावर चढायची, "आई, माझा काढ ना!" ताई तिला उचलून खाली ठेवायच्या. "तुझ्या लग्नात काढीन, पोटभर."

लग्न तोंडावर आलं आणि शटर अडकलं.

दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला, किती फोटो निघालेत ते पाहिलं आणि हसला. "ताई, पार पिळून काढलाय की! शटर संपलं."

"अहो, गिऱ्हाइकाला एक काढते मी!"

"मग दुसरं कोणीतरी काढतंय."

दुसरं कोण? दर सुट्टीला धाकटा भाऊ कॅमेरा घरी न्यायचा, "ताई, धूळ झाडून आणतो" म्हणत. किती गुणाचा, असं ताई चारचौघांत सांगायच्या.

ताई परतल्या तेव्हा भाऊ स्टुडिओतच बसला होता. ताईंनी सरळ विचारलं. त्यानं आढेवेढेही घेतले नाहीत.

"लग्नाच्या ऑर्डरी मारल्या, त्यात काय? भाचीची काळजी सोड. मी नवा कॅमेरा घेतलाय त्याच पैशांतून. हवे तेवढे काढीन तिचे. झिजलं शटर तर झिजलं!"

ताईंच्या अंगाची लाही लाही झाली. "हवे तेवढे? मेल्या, माझ्या लेकीच्या लहानपणाचा एक फोटो नाही माझ्याकडे! तिला रडवून खाली उतरवलं मी, आणि तू त्याच कॅमेऱ्यानं लोकांच्या लेकींचे काढत फिरलास!"

ताईंनी हात पुढे केला. "दुकानाची किल्ली ठेव. लग्नाला ये, मामा आहेस. पण कॅमेरा आणलास तर दारातून परत पाठवीन."

तो गेल्यावर ताई स्टुलावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या.