आईची मुलाखत, माझ्या इंग्रजीत

सिनेमा शेवटच्या यादीत आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच ताणण्यात अर्थ नाही. तो मराठी होता, सगळा आमच्या कोलकात्यात चित्रित झालेला, आणि परदेशातल्या एका मोठ्या पुरस्काराच्या परभाषी विभागात आपल्या देशाकडून पाठवला गेला होता. मुख्य भूमिका माझ्या आईची. आईचं वय तेव्हा त्र्याहत्तर. त्याआधी तिने कॅमेऱ्यासमोर केलेलं एकमेव काम म्हणजे पासपोर्टचा फोटो, आणि तो पासपोर्टही कधी वापरला गेला नाही.

दिग्दर्शक पुण्याचा, तिशीतला, उंच आणि कायम भुकेला. त्याला अशी बाई हवी होती, जिचं मराठी घरचंच राहिलंय पण चालणं, बसणं, चहा ओतणं कोलकात्याचं झालंय. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी त्याला आमचा नंबर दिला. सॉल्ट लेकच्या आमच्या फ्लॅटवर तो आला, आईने पोहे केले, वर संदेश ही इथली मिठाई दिली, आणि अर्ध्या तासात त्याने यादीतल्या बाकीच्या बायकांना भेटायचं नाही असं ठरवलं. मला वाटलं, भिडेखातर म्हणतोय.

सिनेमाची गोष्ट दोन ओळींची. नवरा गेल्यावर एक म्हातारी बाई घर आवरते आणि मुलाकडे राहायला जाते. मध्यावर एक चार मिनिटांचा शॉट आहे. बाई नवऱ्याचे शर्ट कपाटातून काढते, घड्या घालून ट्रंकेत ठेवते आणि शेवटचा शर्ट हातात घेऊन उभी राहते. नुसती उभी. संगीत नाही, अश्रू नाहीत. ज्यांनी सिनेमा पाहिला ते सगळे या शॉटबद्दल बोलले. आमच्या ब्लॉकमधल्या लोकांनीही पाहिला, आणि तिथे तर सिनेमावर मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तेही या शॉटपुरते गप्प झाले.

अशा पुरस्कारासाठी सिनेमा नुसता चांगला असून भागत नाही, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. मतं देणाऱ्यांनी तो आधी पाहायला हवा आणि मग मत देईपर्यंत लक्षात ठेवायला हवा. मोठे निर्माते त्यासाठी रस्तोरस्ती फलक लावतात, मेजवान्या देतात. आमच्याकडे होता एक दिग्दर्शक, दोन जाकिटं घेऊन अमेरिकेत ओळखीच्यांच्या सोफ्यांवर झोपणारा, आणि इकडे आई.

"दादा, काकू हाच आपला प्रचार आहे," तो मला फोनवर म्हणाला. पद्धत साधी होती. तिकडे एखाद्या छोट्या थिएटरात मतदारांना सिनेमा दाखवायचा आणि दिवे लागले की पडद्यावर आईला बसवायचं, थेट आमच्या घरातून. त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात.

"म्हणजे ते बिचारे अजून कालच्याच दिवसात आहेत," आई म्हणाली.

आईला बंगाली अस्खलित येतं, हिंदी कामापुरतं, इंग्रजी औषधाच्या पाकिटावर वाचण्यापुरतं. तेव्हा दुभाषी मी. सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत तेवीस वर्षं माझं काम अमेरिकी ग्राहकांशी बोलण्याचंच आहे. काही बिघडलं की आमचे इंजिनीअर मला खरं काय झालं ते सांगतात आणि मी ते ग्राहकाच्या पचनी पडेल असं करून सांगतो. "विसरलो" असं आमच्याकडे कुणी कधी म्हणत नाही. आम्ही कामांचा क्रम नव्याने लावलेला असतो. यात खोटं काही नसतं, असं मी नव्याने लागलेल्यांना शिकवतो. ऑफिसात या बाबतीत मला मान आहे.

पहिल्या दिवशी आई सहालाच तयार होऊन बसली. फिकट निळी तांताची, म्हणजे बंगाली हातमागाची सुती साडी, अंगावर शाल. लॅपटॉप आम्ही तिच्या शिवणयंत्रावर ठेवला. त्या यंत्रावर तिने जन्मभर शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून दिले. बसता बसता तिने विचारलं, "मी काम कसं केलं, ते विचारतील ना रे?"

"विचारतील की."

"मग सांगेन मी."

या सगळ्या खटाटोपातून तिला एवढंच हवं होतं. बक्षीस मिळालं तर ते दिग्दर्शकाचं, असं ती धरून चालली होती. तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, की बाई, हे तुम्ही केलंत कसं.

आणि पहिलाच प्रश्न तो आला. पिकल्या केसांची एक बाई उभी राहिली आणि तिने विचारलं, त्या शर्टाच्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं? मी आईला मराठीत सांगितलं. तिचा चेहरा उजळला.

"आकडे मोजत होते," ती म्हणाली. "एकापासून शंभरापर्यंत, मग उलटे. गार्डन रीचला रेल्वे क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो, तिथे गणपतीत मराठी नाटकं व्हायची. ती बसवायचे एक हेडक्लार्क. त्यांनी शिकवलं मला. दुःखाच्या जागी रडायला जायचं नाही. नजर एका बटणावर ठेवायची आणि आकडे मोजायचे, उलटे मोजताना चुकायचं नाही. बघणाऱ्याला वाटतं, बाईच्या पोटात केवढं काय काय चाललंय. सांग त्यांना."

पडद्यावर ती बाई रुमालाने डोळे टिपत होती, आणि मी तिला सांगणार काय, तर काही नाही हो, गणपतीतल्या नाटकाची युक्ती आहे? मी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणालो, "त्या क्षणी मला माझे पती आठवले. वाटलं, हे शर्ट त्यांचेच आहेत."

तिकडे टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले.

"आवडलं वाटतं त्यांना," आई म्हणाली.

"फार."

ती दिवसभर खुशीत होती. दुपारी तिने बाजारातून पाटाली, म्हणजे खजुराचा गूळ आणायला लावला आणि ब्लॉकमधल्या दोन बायकांना बोलावून सगळं रंगवून सांगितलं. मीही खुशीत होतो. एका वाक्यात गाडी रुळावर आणली होती.

पुढे ते अंगाशी आलं. आदल्या सत्रात काय झालं ते पुढच्या सत्राला आलेल्यांना आधीच ठाऊक असे, त्यामुळे प्रश्न बाबांबद्दलच येऊ लागले. बाबा गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात होते, त्यांना जाऊन आठ वर्षं झालीत. माणूस वाईट नव्हता. त्यांना घरात प्रत्येक वस्तू आपल्या जागी लागायची, आणि माणसंही. आता मला दोन्ही बाजूंनी शिवण घालावी लागत होती. तिकडून प्रश्न आला, "हा सिनेमा पाहून तुमचे पती काय म्हणाले असते?" मी आईला विचारलं, "सिनेमा पाहून शेजारी काय म्हणाले?" आई हसून म्हणाली, "म्हणाले, फार वाळलेली दिसतेस, नीट जेवत जा." मी ते जसंच्या तसं सांगितलं. एक गृहस्थ अक्षरशः हुंदका देऊन रडले.

"यात रडण्यासारखं काय आहे?" आईने मला हळूच विचारलं.

अशी पाच सत्रं झाली. दिग्दर्शक फोन करून म्हणायचा, "दादा, तिकडे सगळे काकूंच्या आणि काकांच्याच गोष्टीबद्दल बोलतायत." एका अमेरिकी मासिकाने त्यावर लेख छापला. दिग्दर्शकाला खरं ठाऊक होतं का? पहिल्या टाळ्यांच्या वेळी तो तिथे हजर होता, आणि मराठी त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

आई रोज सकाळी चहाबरोबर बंगाली पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. इंग्रजीची मला भीती नव्हती. या पेपराचा मी विचारच केला नव्हता. पेपरवाल्यांनी त्या अमेरिकी लेखाचा बंगाली अनुवाद छापला, आईच्या फोटोसकट. मी दाढी करून बाहेर आलो तेव्हा तिचा चहा तसाच होता आणि वर साय धरली होती.

"हे मी कधी म्हटलं?" तिने विचारलं.

मी समजावू लागलो. तिकडच्या लोकांना अशी गोष्ट लागते, सिनेमाच्या भल्यासाठीच केलं, शिवाय बाबांबद्दल चांगलंच तर म्हटलंय. हे सगळं मी ऑफिसातल्या आवाजात बोलत होतो, हे माझ्या लक्षात आलं.

तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "माझं नाटक तुझ्या बाबांनी बंद केलं, ठाऊक आहे ना तुला? विधवेचं मोठं काम मिळालं होतं मला. त्याच कामासाठी त्या हेडक्लार्कांनी ते मोजणं शिकवलं होतं. तालमी सुरू झाल्या होत्या. ते काम राहून गेलं ते गेलंच. आता या वयात ते माझ्या हाती आलं. एक गोष्ट आयुष्यात मी माझी मी केली, आणि तीही तू उचलून त्यांच्या पदरात टाकलीस."

मला आधी राग आला. सकाळी साडेसातला लॅपटॉप लावून बसणारा मी, रजा टाकणारा मी. मग राग ओसरला आणि उरली ती शरम. चहा गरम करून आणतो म्हणालो. ती नको म्हणाली.

आणखी एक सत्र उरलं होतं, त्यानंतर मतदान. दिग्दर्शकाने फोनवर विनवलं, आता एवढं होऊन जाऊ दे, काही बदलू नका. तो फोन आईने माझ्या हातातून घेतला. "तुझ्या सिनेमाचं वाटोळं करायचं नाहीये मला," ती त्याला म्हणाली. "पण मी काम केलंय. ते सांगणार." मग तो म्हणाला, "बरं काकू." ते त्याने कसं गिळलं असेल, हे मला नंतर यादी लागली तेव्हा कळलं. यादीनंतर त्याने मला काही महिने फोन केला नाही. आईला मात्र दर रविवारी करतो.

त्या सकाळी आईने मला यंत्राजवळ, चौकटीत दिसेन असं बसवलं. एरवी मी बाजूला बसायचो. पहिला प्रश्न अर्थात बाबांचाच आला.

"आधी त्यांना सांग, ते मी म्हटलं नव्हतं," आई म्हणाली. "कुणी म्हटलं तेही सांग."

मी सांगितलं. सांगताना समोरच्या चेहऱ्यांकडे बघणं जमलं नाही. मग आईने आकड्यांचं, बटणाचं, हेडक्लार्कांचं सगळं पुन्हा सांगितलं आणि मी ते वाक्यावाक्याने इंग्रजीत केलं. टाळ्या पडल्या नाहीत. दोघंतिघं उठून गेले. पण मागच्या रांगेतली एक म्हातारी बाई पुढे येऊन बसली. तिने सांगितलं की ती जन्मभर रंगभूमीवर काम करत आलीय, आणि विचारलं, उलटे मोजताना मध्येच चुकलात तर? आई पुढे सरकली. "तर पहिल्यापासून. दिग्दर्शक ओरडला तरी चालेल," ती म्हणाली. दोघी हसल्या. पुढची दहा मिनिटं त्या दोघीच बोलत होत्या, मी नुसता त्यांचं बोलणं वाहून नेणारा नळ होतो. आई इतकी आनंदात मी क्वचितच पाहिली असेल.

मग त्या बाईने विचारलं, "इतकं येत होतं, तर नाटक सोडलंत का?"

"आमचे हे म्हणाले, पुरे झालं," आई म्हणाली. "पण त्यांचं मी ऐकलंच असतं असं नाही. मुलगा दहा वर्षांचा होता. आदल्या वर्षी पुरुष कमी पडले म्हणून मी मिशी लावून हवालदार झाले होते. लोकांनी डोक्यावर घेतलं, पण क्वार्टर्समधली मुलं त्याला हवालदाराचा पोरगा म्हणून चिडवायची. त्याला माझी लाज वाटायची. तालमीला निघाले की दारात आडवा पडायचा. म्हणून सोडलं."

हे मला आठवत नव्हतं, असं लिहिणं सोपं आहे. मला आठवत होतं. तिच्या हातातली नाटकाची वही आठवत होती, ती मी कशी ओढली तेही, आणि मी काय बोललो ते शब्दन् शब्द. बाबांनी बंद केलं, असं ती त्या दिवशी चहासमोर म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आई थांबली होती. माझ्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत होती. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या जागी "मी" म्हणायचं असतं.

"माझ्या मुलाला," मी इंग्रजीत म्हणालो, "माझी लाज वाटायची."

पुढे काही जोडलं नाही. आईने मान हलवली आणि पुढचं सांगायला घेतलं.